ढोरवाट

होस्टेलच्या आउटिंग रजिस्टरमध्ये २० डिसेंबर २०२४ या तारखेला तीन नावं आहेत. तिघांच्या पुढे कारण एकच, ‘घरी जात आहे’. अक्षरही एकच, माझं. नोंद साफ खोटी आहे. रेक्टर सरांना ते आता माहीत आहे, म्हणून इथे छापायला हरकत नाही (तरी संपादक मंडळाने त्यांना एकदा विचारून घ्यावे ही विनंती!).

आम्ही गेलो होतो रतनवाडीला. मी, माझा रूम पार्टनर अण्णा आणि एस.ई.चा छोटू. त्या वर्षी आम्हाला पळण्याचं वेड लागलं होतं. मेसचा चहा उघडायच्या आधी ग्राउंडवर दहा राउंड, रविवारी कॅनॉलच्या कडेने पंधरा किलोमीटर. अण्णा आणि मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन करून आलो होतो. तिथलं मेडल मी टेबल लॅम्पला लटकवून ठेवलं होतं, म्हणजे रूममध्ये येणाऱ्या प्रत्येकाला दिसावं. अशा माणसाला डांबरी रस्ता पुरत नाही. एका रात्री टेरेसवर मी जाहीर केलं, ‘रतनवाडी ते पाचनई. कात्राबाईच्या खिंडीतून. लोक दोन दिवस रमतगमत जातात, आपण एका दिवसात पळत जायचं.’

अण्णाने विचारलं, ‘वाट?’

‘मला पाठ आहे,’ मी म्हणालो.

खरी गोष्ट अशी की फर्स्ट इयरला असताना मी त्या वाटेने एकदाच गेलो होतो. बारा जणांचा ग्रुप, पुढे गावातला वाटाड्या, आणि मी शेवटून दुसरा. वाट नाही, पुढच्याची सॅक पाठ होती मला!

शुक्रवारी संगमनेर, अकोले, राजूर करत रात्री रतनवाडीला पोचलो. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या नगर जिल्ह्याचा (आता अहिल्यानगर, पण जिभेला अजून वळण पडायचंय) हा पश्चिमेचा कोपरा. नगर म्हटलं की दुष्काळ, टँकर आणि साखर कारखाने डोळ्यांपुढे येतात, पण याच जिल्ह्यात महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई आहे, १६४६ मीटर. प्रवरा इथेच रतनगडाच्या कुशीत उगम पावते, आणि खाली १९२६ साली पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं धरण तिला अडवतं. मधला सगळा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, आणि त्यात आडव्यातिडव्या वाटा इतक्या आहेत की ब्रह्मदेवही गोंधळावा.

सकाळी सातला अमृतेश्वराच्या मंदिराला नमस्कार करून निघालो. थंडी मजबूत. जंगलातली वाट ओढ्याच्या कडेकडेने, कधी ओढ्यातूनच जाते. पुढे रतनगडाची वाट उजवीकडे फुटते ती सोडली. इथपर्यंत मला खरंच आठवत होतं आणि मी अगदी गाइडसारखा हातवारे करत होतो. अकरापर्यंत खिंडीत. समोर खाली कुमशेतचा मुलूख, उजव्या हाताला आजोबाचा डोंगर, लांब हरिश्चंद्रगडाचं ते अवाढव्य धूड. छोटू वेडाच झाला. फोटो काढता काढता त्याची अर्धी बॅटरी संपली. माझ्या मते अर्धं काम झालं होतं. आता उतारच तर होता.

खिंडीखाली कारवी सुरू होते. पुरुषभर उंचीची, दाट, सात वर्षांतून एकदा फुलणारी, बाकीची वर्षं नुसती हातापायांना ओरबाडणारी. त्यात वाट दुभंगली. मी क्षणभरही न थांबता डावीकडची घेतली, कारण ती रुंद होती आणि थांबलो असतो तर अण्णाने पाहिलं असतं.

ती ढोरवाट होती. हा प्रकार मला नंतर समजला. माणसांची वाट कुठल्या तरी दाराशी पोचते. ढोरवाट जाते चाऱ्याकडे. सुरुवातीला ती झकास असते, खुरांनी मऊ झालेली, धावायला तर एकदम ट्रॅकच. मग तिला फाटे फुटतात, फाट्याला आणखी फाटे, आणि शेवटी ती झुडपात विरून जाते. गुरं तिथे पांगून चरायला लागतात, त्यांना पुढे कुठे जायचंच नसतं.

साडेबारापर्यंत मला कळलं होतं की आपण चुकलोय. हे वाक्य मी मुद्दाम घड्याळाच्या वेळेसकट लिहितोय, कारण तोंडातून ते बाहेर पडायला दुपारचे साडेतीन वाजले. मधले तीन तास मी ‘हां हां, बरोबर, असंच पुढे’ म्हणत दोघांना फिरवत होतो. एकदा तर एका झाडाकडे बोट दाखवून ‘हे आंब्याचं झाड मला आठवतंय’ असंही म्हणालो. ते आंब्याचं नव्हतंसुद्धा.

मोबाइल होते की! पण जीपीएसला नेटवर्क लागत नाही, नकाशाला लागतं, हे ई अँड टीसीवाल्या अण्णाला माहीत असूनही आम्ही तिघांपैकी कोणीच नकाशा आधी उतरवून घेतला नव्हता. स्क्रीनवर करड्या रंगाचा कोरा कागद आणि मधोमध एक निळा ठिपका. ठिपका म्हणजे आपण. बाकी जगात काही नाही. वर झाडी आणि शेजारी कडा असल्याने तो ठिपकाही अधूनमधून आपोआप उडी मारायचा.

पाणी दोनला संपलं. छोटूच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मीठ-साखरेचं पाणी सोबत घ्यावं असं आदल्या दिवशी तोच म्हणाला होता आणि मी त्याला ‘पिकनिकला चाललोय का?’ म्हणून गप्प केलं होतं. मग मी शेवटची हुशारी केली. कोरडा ओढा लागला. म्हटलं, पाणी खालीच जातं, गाव खालीच आहे, याच्या पोटातून उतरू.

सह्याद्रीत हे करायचं नसतं. हा डोंगर म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक, जिन्यासारखे. पाणी पायरी ओलांडताना उडी मारतं, माणसाला ती मारता येत नाही. ओढा वळला आणि संपला. खाली थेट कडा, त्याच्या तळाशी झाडांचे शेंडे. मी काठापासून पाच-सहा फुटांवर थांबलो. मागे छोटूचा पाय गोट्यावरून सरकला, तो बसकण मारत माझ्यापर्यंत घसरला आणि मी त्याची सॅक धरली. धरली म्हणजे हाताला लागली. यापेक्षा जास्त मला त्याचं वर्णन करता येत नाही. त्याचा घोटा डोळ्यांदेखत सुजला.

तिथे बसून मी सांगितलं की साडेबारापासून मला माहीत होतं.

अण्णा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, ‘घरी काय सांगितलंय?’

‘होस्टेलवर आहे म्हणून.’

‘आणि होस्टेलवर?’

मी गप्प. होस्टेलच्या लेखी आम्ही घरी होतो, घरच्यांच्या लेखी होस्टेलवर. म्हणजे रविवार रात्रीपर्यंत आम्हाला कोणी शोधणारच नव्हतं. आणि शोधलं असतं तरी कुठे? कात्राबाई हे नाव आम्ही तिघांशिवाय कोणाकडे उच्चारलंच नव्हतं. पोटात खरा खड्डा पडला तो कडा बघून नाही, हा हिशेब लागल्यावर.

आल्या पावली ओढा चढून वर आलो. चालण्यापेक्षा बसून सरकणं जास्त. मोकळ्या जागी येईपर्यंत सूर्य गेला. अण्णाने एका वाक्यात निर्णय दिला, ‘आता इथून कोणी हलायचं नाही.’ चंद्र नव्हता. घामाने भिजलेले टी-शर्ट अंगावरच गार पडले. छोटूला मध्ये घेऊन आम्ही पाठीला पाठ लावून बसलो आणि आळीपाळीने कुकारे घालत राहिलो. बिबट्याची आठवण तिघांनाही येत होती, पण कोणी काढली नाही. मध्येच छोटू म्हणाला, ‘दादा, माझं जर्नल सबमिट करायचं राहिलंय.’ कोणी हसलं नाही.

आठच्या सुमारास वरच्या अंगाने बॅटरीचा उजेड हलला.

‘कोन हाये रे तिकडं?’

एक म्हातारे बाबा आणि त्यांचा नातू. म्हैस घरी आली नव्हती म्हणून शोधायला निघाले होते. आम्ही कोण, कुठले, इथे का, काही विचारलं नाही. छोटूचा पाय चाचपून पाहिला, ‘मोडला नाही’ म्हणाले, खांद्यावरची घोंगडी त्याच्या अंगावर टाकली आणि पुढे झाले. नातू बारा-तेरा वर्षांचा, पायात स्लीपर. आमचे बूट साडेचार हजारांचे. तो आमच्यासाठी थांबत थांबत चालत होता.

वाडी किती लांब असेल? छोटूला धरून, लंगडत, अर्ध्या तासात कुत्री भुंकायला लागली. एवढ्याशा अंतरावर आम्ही बसलो होतो.

आजींनी चुलीवर नागलीच्या भाकरी टाकल्या, सोबत ठेचा आणि काळा चहा. मी पाच खाल्ल्या. मेसच्या पोळ्यांना नावं ठेवायचा अधिकार मी त्या रात्रीपासून सोडला आहे. म्हैस मात्र मिळाली नव्हती. आमच्यामुळे बाबा शोध अर्धा टाकून फिरले होते. सकाळी ती आपली आपण गोठ्यापाशी येऊन उभी होती. ‘तिला वाट ठाव असती,’ नातू म्हणाला. तो बहुधा टोमणा नव्हता. निघताना पैसे पुढे केले तर बाबांनी माझा हातच बाजूला केला. रविवारी जीपने राजूर, तिथून परत. छोटूचा पाय तीन आठवडे बँडेजमध्ये. सोमवारी रेक्टर सरांकडे मी स्वतः गेलो. सर जे बोलले ते इथे लिहीत नाही, जागा पुरणार नाही. अण्णा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने टेबल लॅम्पवरचं मेडल काढून माझ्या कपाटात ठेवलं आणि म्हणाला, ‘उजेडात येतं.’

यंदा पाऊस उघडल्यावर छोटूनेच विषय काढला. अर्धी राहिलेली वाट पुरी करायची. मला वाटलं होतं तो पुन्हा माझ्याबरोबर जिना उतरायलाही तयार होणार नाही. रजिस्टरमध्ये मी लिहिलं: ‘रतनवाडी – कात्राबाई खिंड – कुमशेत – पाचनई. मुक्काम कुमशेत. सोबत गावातले वाटाड्ये.’ रकाना पुरेना, म्हणून खालच्या ओळीत गेलो.

सरांनी चष्मा वर करून वाचलं. ‘वाट माहीत आहे का तुला?’

‘नाही सर.’

सरांनी सही केली.