सील बदललं, तरी गळतंय!

वीकेंडला तुम्ही काय करता? मल्टिप्लेक्स, ब्रंच, गेलाबाजार एखादा ट्रेक? मी गेल्या महिन्यातला एक शनिवार परभणीत, आमच्या प्रीमियर पद्मिनीखाली पोत्यावर उताणी पडून काढला. नाकावर गिअर ऑईलचा थेंब. तो वास एकदा अंगाला बसला ना, की कुठलंही महागडं परफ्यूम फेल!

खरं तर मी ती गाडी विकायलाच गेले होते.

त्याचं असं झालं. जिंतूर रोडवर बाबांनी ब्रेक मारला आणि गाडी थांबायच्या ऐवजी उजवीकडे ओढली गेली. सायकलवरचा एक शाळकरी पोरगा हातभर अंतराने वाचला. बाबा घरी आले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि गप्प झाले. आईचा पुण्याला फोन आला, "ये, अन् त्या गाडीचं एकदाचं काय ते बघ." दादाने तर भंगारवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं.

त्यात माझं आणि बाबांचं कोल्ड वॉर. दोन वर्षांपूर्वी मी पर्मनंट नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं. तेव्हापासून फोनवर त्यांचा एकच प्रश्न, "पगार झाला का?" माझं एकच उत्तर, "हो."

आमची पद्मिनी काही स्पोर्ट्स कार नाही. फियाट ११०० डिलाईटची ही मराठमोळी बहीण कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची, १९७४ पासून 'पद्मिनी' नावाने. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगजवळ गिअर. मुंबईच्या रस्त्यांवरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ ला कायमच्या गेल्या, तेव्हा बाबांनी पेपरातलं कात्रण जपून ठेवलं होतं. पण एमजीबीसारख्या क्लासिक स्पोर्ट्स कारवाल्यांना छळणारं दुखणं हिलाही होतं. मागच्या अ‍ॅक्सलचं ऑईल सील!

सील म्हणजे रबराची एक रिंग, आत बारीक स्प्रिंग. डिफ्रेन्शियलमधलं ऑईल अ‍ॅक्सलवरून चाकाकडे जाऊ नये, म्हणून. ते गळलं की ऑईल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं, ब्रेक शू माखतात आणि एक चाक धरतं, दुसरं घसरतं. आमच्या डाव्या चाकाचं सील वर्षभरात तीनदा बदललं होतं. तरी गळत होतं.

"सारखं सील काय बदलायलेत, बेटा? ते बिचारं काय करंल?" गॅरेजवाले चाचा म्हणाले आणि माझ्या हातात पाना दिला. ड्रम काढला, मागच्या प्लेटचे नट सोडले, अ‍ॅक्सल बाहेर ओढला. चाचांनी त्यावरून नख फिरवलं. खाच नव्हती. खाच असेल तर नवं सीलही टिकत नाही. मग ते गाडीखाली शिरले, हाउसिंगवरून बोंडाएवढं काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. ब्रीदर.

गाडी चालली की आतलं ऑईल तापतं, हवा फुगते. ती या ब्रीदरमधून बाहेर पडते. आमची पद्मिनी वर्षानुवर्षं शेतात जायची. आपली काळी माती पावसात लोण्यासारखी आणि उन्हात दगड! ब्रीदर गच्च बुजला होता. हवेला वाट नाही, म्हणून ती सीलमधून ऑईल ढकलत होती.

मी सुईने माती कोरत बसले. बाबा शेजारी स्टुलावर. अचानक म्हणाले, "त्या दिवशी ब्रेक चुकला का मी, तेच कळंना. वाटलं, आता आपलं वय झालं."

इतके दिवस हे होतं तर! मला काय बोलावं सुचेना. मग मीही बोलून टाकलं, "बाबा, माझी तीन पेमेंट्स अडकलीत. 'पगार झाला' ते खोटं होतं."

ते काही बोलले नाहीत. फक्त चहा सांगितला. दोन.

सील मापावर मिळतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बाजारातल्या बेअरिंगच्या दुकानात अर्ध्या तासात सापडलं, तेही मीडियम पिझ्झापेक्षा स्वस्तात. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' उगाच म्हणतात का? माखलेले ब्रेक शू चाचांनी पेट्रोलने पुसू दिले नाहीत, नवेच घातले. ऑईलही भोकाच्या पातळीपर्यंतच भरलं. जास्त भरलं तरी गळतं, बॉस!

संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर मी ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत थांबली. किल्ली बाबांपुढे धरली, तर म्हणाले, "आधी डोळे तपासून घेतो. मग." दादाने भंगारवाल्याला 'नको' कळवलं.

आता फोनवर बाबा पगाराचं विचारत नाहीत. विचारतात, "पेमेंट सुटलं का?"

"एक सुटलं, दोन बाकी. तुमचं गळतंय का?"

"कोरडं ठणठणीत!"