वांटणी आणि न्यायबुद्धि

न्यायबुद्धि मनुष्यास उपजतच असते, असें म्हणण्याची रूढि आहे. असेलही; परंतु ती ज्या पाटावर बसते तो पाट बदलला कीं तिचा निवाडाही बदलतो, असें आम्हांस दिसतें. वांटणीच्या प्रकरणांत हें जितकें उघड होतें तितकें अन्यत्र क्वचित्.

याज्ञवल्क्यानें अविवाहित बहिणीस चतुर्थांश सांगितला आहे. हा केवळ विवाहाचा खर्च नव्हे, तो तिचा वांटाच होय, असें विज्ञानेश्वर मिताक्षरेंत म्हणतो. तरी व्यवहारांत त्याचा लग्नखर्चच झाला. कां झाला हें सांगावयास नको, वांटणीस बसणारे सारे भाऊच होते! १९५६ च्या कायद्यानें वडिलांच्या हिश्शांत मुलीस वांटा दिला, परंतु जन्मसिद्ध सहदायाद मात्र पुत्रच राहिले. महाराष्ट्रानें १९९४ सालीं मुलीसही तो अधिकार दिला. पण २२ जून १९९४ पूर्वीं जिचें लग्न झालें ती वगळली. म्हणजे मे महिन्यांत सासरीं गेलेली थोरली बाहेर व दिवाळीनंतर बोहल्यावर चढलेली धाकटी आंत. एका ताटांत जेवलेल्या बहिणींपैकीं एकीस तोच कायदा न्याय व दुसरीस अन्याय वाटावा, यांत नवल तें काय? हा भेद २००५ च्या दुरुस्तीनें गेला, आणि त्या वेळीं वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें.

निवृत्तीनंतर आमच्याकडे वांटणीपत्रांचे मसुदे भाषेसाठीं तपासावयास येतात. (संस्कृत जाणणारास कायदाही कळतो, हा समज कोठून निघाला कोण जाणे!) मागें एक सज्जन आले. बहिणीचें लग्न थाटानें केलें, तिचीं दोन बाळंतपणें केलीं, आतां ती शेतांत हिस्सा मागते, हें त्यांस असह्य झालें होतें. आणि चहाचा पेला खालीं ठेवण्यापूर्वींच, पत्नीच्या भावांनीं गोड बोलून तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतल्याची हकीकत त्यांनीं तितक्याच संतापानें सांगितली. दोन्ही राग खरे होते. त्यांत ढोंगाचा लेश नव्हता, हेंच आम्हांस विशेष वाटलें. आम्हीं त्यांस दोन्ही प्रकरणें, नांवें गाळून, एकाच कागदावर लिहावयास सांगितलीं. लिहून झाल्यावर ते बराच वेळ कागदाकडे पाहत बसले. "आमच्या बहिणीचें जरा निराळें आहे, गुरुजी," असें म्हणून त्यांनीं तो घडी करून खिशांत ठेविला. फाडला मात्र नाहीं.