सुई, ब्रश आणि तुकडा

पेशीपरीक्षण म्हणजे बायोप्सीचा स्वस्त पर्याय, असे मानण्याची सवय फुप्फुसरोगांच्या बाबतीत अजून सुटलेली नाही, आणि ती रुग्णाच्या हिताची नाही. पेशीपरीक्षणात थुंकीतून, श्वासनलिकेत घातलेल्या दुर्बिणीच्या ब्रशवरून किंवा बारीक सुईने ओढून मिळालेल्या सुट्या पेशी काचपट्टीवर पाहिल्या जातात, तर बायोप्सीत ऊतीचा तुकडाच हाती येत असल्यामुळे पेशींची आपसातील मांडणी आणि रोगाचा आसपास झालेला शिरकावही दिसतो.

खानदेशात हा भेद फार जपावा लागतो, कारण साक्री, शिरपूर किंवा यावलच्या खेड्यातून आलेल्या, आयुष्यभर विडी ओढलेल्या माणसाच्या एक्स-रेवरील डाग क्षयाचा की कर्करोगाचा हे नुसत्या सावलीवरून ठरत नाही आणि दोन्ही आजार एकाच फुप्फुसात असू शकतात. जुन्या क्षयाने चेतवलेल्या अस्तरपेशींची केंद्रके मोठी व गडद होऊन कर्करोगाचा भास देतात. तेथे सुट्या पेशींवर निकाल देणे धोक्याचे, तुकडाच हवा. याउलट दुर्बिणीच्या चिमट्यात येणारा कण जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा असतो, आणि त्यात गाठीऐवजी कडेची सूज आली, तर अस्तराचा अधिक मोठा भाग घासणारा ब्रशच रोग पकडतो. स्मॉल सेल कर्करोगाच्या नाजूक पेशी तर चिमट्यात चिरडून ओळखू येईनाशा होतात, त्या सुईच्या नमुन्यात पुष्कळदा अधिक स्पष्ट दिसतात.

सुईच्या नमुन्यातील उरलेल्या पेशी गोळा करून त्यांचा मेणातला ठोकळा, म्हणजे सेल ब्लॉक, केला की त्यावर ईजीएफआरसारख्या जनुकीय चाचण्याही होऊ शकतात. औषधाची निवड ज्यावर अवलंबून असते, ती माहिती केवळ तुकड्यातूनच मिळते असे नाही.

धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि जळगावातही २०१८ पासून शासकीय महाविद्यालय आहे. तेव्हा दुर्बीण घालणाऱ्या आणि काचपट्टी वाचणाऱ्या डॉक्टरांनी समोरासमोर बोलणे अवघड नसावे. दुर्बिणीच्या एकाच बैठकीत, रुग्णाला झेपत असेल तर, दोन्ही नमुने घ्यावेत. पॅप रंगासाठीची काचपट्टी वाळू न देता ताबडतोब ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवावी, तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवावा, आणि सोबतच्या चिठ्ठीवर विडीचे व्यसन, पूर्वी घेतलेले क्षयाचे उपचार आणि एक्स-रेवरील डागाची जागा न चुकता लिहावी.