निळा फ्यूज

शाळेच्या अंकासाठी पालकांनीही काहीतरी लिहावे, असे बाईंनी धाकटीच्या वहीतून कळवले. आम्ही दोघेही लिहिणाऱ्यांतले नव्हे. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी जे घडले ते मुलांनी वाचावे, आणि मोठ्यांनी तर वाचावेच, असे वाटले म्हणून हा प्रपंच.

आमची गाडी लहान आणि जुनी. एका रविवारी संध्याकाळी धारवाडहून परतताना उणकल तलावाजवळ आम्ही सिग्नलला थांबलो, तर मागचा रिक्षावाला अगदी टेकता टेकता थांबला. उतरून त्याने कानडीत चार शब्द सुनावले. बरोबरच होते त्याचे. ब्रेक दाबला तरी आमचे मागचे लाल दिवे लागत नव्हते. हॉर्नही मुका झाला होता. गाडीत मागे दोन्ही मुले बसलेली. रिक्षाच्या जागी ट्रक असता तर, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी फ्यूजची पेटी उघडली. ब्रेकचे दिवे आणि हॉर्न या दोघांना मिळून एकच फ्यूज, निळा, १५ अँपिअरचा. त्याच्या आतली बारीक पट्टी वितळून तुटली होती. पाच रुपयांचा नवा घातला, सगळे सुरळीत झाले. पुढच्या रविवारी पुन्हा गेला. मग एकदा पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला निघालो तेव्हा गेला. महिनाभरात चार फ्यूज झाले.

आता आमची चूक सांगतो. महिनाभरापूर्वी एका गॅरेजमधल्या पोऱ्याने आम्हाला नवा हॉर्न बसवून दिला होता. त्यानंतरच हे सुरू झाले, तेव्हा दोष त्याचाच, हे आम्ही ठरवून टाकले. गॅरेजवर जाऊन त्याला चार गिऱ्हाइकांदेखत बोललो. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याने वायर उघडून दाखवली, टेप नीट आहे म्हणाला. आम्ही ऐकून घेतले नाही. मालकाने त्या दिवसाची त्याची मजुरी कापली, हे आम्हाला मागाहून कळले.

त्याच आठवड्यात पेट्रोल पंपावर एका भल्या गृहस्थाने उपाय सुचवला, "अहो, तीस अँपिअरचा हिरवा घाला, नाहीतर तार गुंडाळा. पुन्हा नाव काढणार नाही." कंटाळलो होतो, घालणारही होतो. पण धाकटी म्हणाली, "बाबा, आजोबांना विचारू या ना आधी."

आजोबा म्हणजे आमच्या गल्लीतले जुने इलेक्ट्रिशियन. त्यांना सगळी मुले आजोबाच म्हणतात. हिरव्या फ्यूजचे ऐकून ते हसले आणि म्हणाले, "फ्यूजिन तप्पल्ल री, सर." म्हणजे, चूक फ्यूजची नाही. मग त्यांनी मुलांना समोर बसवून समजावले. ब्रेकचा एक बल्ब २१ वॅटचा, बॅटरी १२ व्होल्टची. भागाकार करा. एका बल्बला पावणेदोन अँपिअर, दोघांना साडेतीन. मग १५ चा फ्यूज का जातो? वीज बल्बपर्यंत न जाता वाटेतच कुठेतरी पत्र्याला भिडते म्हणून. गाडीचा पत्रा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. तिथे उघडी तार टेकली की वाटेत अडवणारे काही उरत नाही आणि प्रवाह एकदम वाढतो. उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुप्पट प्रवाहाला चौपट उष्णता. फ्यूज आधी वितळतो तो वायर वाचावी म्हणून. मोठा फ्यूज घातला तर फ्यूज वाचेल आणि वायर जळेल. ती वायर जाते मागच्या सीटकडून, आणि सीटखाली पेट्रोलची टाकी. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो.

"फ्यूज कधी कधी गेला ते सांगा," आजोबांनी विचारले. आम्हाला नीट सांगता येईना. धाकटीने तिची रफ वही आणली. तिने वार, वेळ आणि गाडीत कोण होते ते प्रत्येक वेळी लिहून ठेवले होते. तीन रविवार आणि एक स्टेशनची फेरी. रोज शाळेला जातो-येतो, तेव्हा एकदाही नाही. थोरला म्हणाला, "रविवारी आजीकडून येताना डिकीत जोंधळ्याचं पोतं असतं. स्टेशनला पाहुण्यांच्या बॅगा होत्या." आजोबांनी त्याची पाठ थोपटली.

मग त्यांनी फ्यूज काढला आणि त्याच्या दोन खाचांत २१ वॅटचाच एक बल्ब दोन तारांनी जोडला. नवे फ्यूज जाळत बसायला नको. आता शॉर्ट असला तरी या बल्बमधून दोन अँपिअरपेक्षा कमीच वीज जाणार. पाय ब्रेकवर नाही, बल्ब विझलेला. हॉर्नची वायर हलवून, ओढून पाहिली, तरी विझलेलाच. म्हणजे हॉर्नकडे दोष नाही. थोरल्याने ब्रेक दाबला. बल्ब थोडा मंद लागला, मागचे दिवेही मिणमिणले. तीन बल्बांनी वीज वाटून घेतली, हे ठीकच. मग आम्ही जोंधळ्याचे पोते डिकीत ठेवून आत सरकवले. बल्ब एकदम लख्ख पेटला आणि मागचे दिवे विझले.

पोते काढून गालिचा उचलला. खाली जॅक आडवा पडलेला. उन्हाळ्यात पंक्चर झाले तेव्हा चाक बदलून आम्हीच तो घाईघाईने तिथे टाकला होता, त्याच्या जागी स्क्रूने आवळला नव्हता. ओझे पडले की जॅकची धार वायरीवर दाबली जायची. वरचे आवरण कापले जाऊन तांबे उघडे पडले होते. आजोबांनी तेवढा तुकडा काढून नवी वायर सोल्डर केली, वर नळी चढवली, जॅक जागेवर आवळला. नवा निळा फ्यूज घालून पोते पुन्हा ठेवले, वीस वेळा ब्रेक दाबला. फ्यूज शाबूत.

काम झाले, पण घरात कुणी आनंदाने बोलेना. धाकटीनेच विचारले, "मग त्या हॉर्नवाल्या दादाचं काय?"

दुसऱ्या दिवशी चौघेही गॅरेजवर गेलो. जाताना पाय जड झाले होते. मागच्या वेळी गिऱ्हाइकांदेखत बोललो होतो, तेव्हा या वेळीही त्यांच्यादेखतच सांगितले की चूक आमची होती, त्याचे काम चोख होते. मालकाला कापलेली मजुरी आमच्याकडून घ्यायला लावली. लाइन बाजारातून आणलेला पेढ्यांचा पुडा पोराच्या हातात दिला. तो काही वेळ बोललाच नाही. मग धाकटीला म्हणाला, "तुझी वही दाखव." तिने दाखवली. त्याने ती नीट वाचली आणि बल्बची युक्ती थोरल्याकडून पुन्हा पुन्हा विचारून घेतली. आता आमची गाडी तोच बघतो.

मुलांनो, फ्यूज गेला की मोठा घालू नका, तो का गेला ते शोधा. कधी, कुठे, काय करताना, हे लिहून ठेवा. आणि पालकहो, घरात काही बिघडले की पहिला राग कुणावर निघतो ते एकदा बघा. आमचा तर जो उलट बोलू शकत नव्हता त्याच्यावर निघाला. तो जॅक आमच्याच हाताने तिथे पडला होता.