जातं कुठं गेलं?

वारणानगरच्या परिसरात संगणकाचे अप्रूप कोणाला फारसे वाटत नाही. १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पातून इथल्या साखर कारखान्याभोवतीच्या ७० गावांत संगणक आले, आणि आपला ऊस किती टन भरला, बिल कधी निघणार, हे शेतकरी गावातल्या केंद्रावर जाऊन विचारू लागला. पुढे २००७ मध्ये त्यांतल्या काही गावांत हेच काम मोबाइलच्या संदेशावर करून पाहिले गेले. काट्यावरच्या वजनासारखी उपयोगाची वस्तू म्हणून संगणक इथे आला. त्याने नीट ऐकावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून कोणी केली नव्हती. मी केली, आणि फसलो.

माझ्या आत्याला जात्यावरच्या ओव्या येतात. तिच्या घरी जाते अजून जागेवर आहे. मराठीचा शिक्षक असून मी इतकी वर्षे त्या कधी उतरवून घेतल्या नव्हत्या, याची लाज वाटून एका उन्हाळ्यात जुना लॅपटॉप आणि एक बरा मायक्रोफोन घेऊन मी तिच्याकडे गेलो. दोन दुपारी ती दळत होती, गात होती. चाळीसच्या वर ओव्या झाल्या. घरी येऊन हेडफोन लावले, तेव्हा कळले की लॅपटॉपच्या आतला पंखाही तितकाच वेळ गात होता. वायर आखूड, म्हणून लॅपटॉप तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवला होता. त्यातच भिंतीतल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. त्या प्लगला अर्थिंग नव्हतेच.

गोंगाट काढणारी सॉफ्टवेअर असतात. गाणे नसतानाचा एखादा सेकंद त्याला दाखवायचा. तो आवाज ओळखून ते साऱ्या मुद्रणातून तो वजा करते. मी वजाबाकीचे प्रमाण जरा हावरटपणेच वाढवले. आत्याचा आवाज स्वच्छ, एकटा, उजेडात आल्यासारखा वर आला. मी खूश होऊन तिला ऐकवायला गेलो. तिने डोळे मिटून दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणाली, “गळा माझाच हाय रं. पर जातं कुठं गेलं?”

पंख्याची घरघर आणि दगडाची घरघर यांतला भेद त्या सॉफ्टवेअरला कळला नव्हता. खरे सांगायचे तर तो मलाही कळला नव्हता. कारण ओवी ही मी आजवर छापील पानावरच वाचत आणि शिकवत आलो. पानावर ती दोन ओळींत संपते. जात्यावर ती संपत नाही. अर्धी ओळ पुन्हा घेतली जाते, ‘गं बाई’ भरीला येते, दाणे टाकायला हात थांबला की सूरही तिथेच लोंबकळतो. ज्याला आम्ही वर्गात ‘छंदातील शैथिल्य’ म्हणतो, ते बहुधा त्या दगडाच्या फेऱ्याने भरून निघत असते. दगड काढून टाकून उरलेल्याला आम्ही संहिता म्हणतो.

हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, त्यांतल्या काहींचे बर्नार्ड बेल यांनी डिजिटल टेपवर ध्वनिमुद्रण केले. सुमारे १२० तासांचे. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या वाचकांसमोर येत आहेत. हे काम मला ठाऊक होते. पण मी त्यातले शब्दच तेवढे वाचले होते!

मग नव्या संगणकाचा शोध सुरू झाला. कोल्हापुरात दुकानदाराने कौतुकाने दाखवला तो रंगीत दिव्यांचा, तीन पंख्यांचा डबा. “रेकॉर्डिंगला पॉवर पाहिजे, सर.” मी कागदावर हिशेब मांडला. सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक २४ बिटांचा, म्हणजे एका मायक्रोफोनचे तासाला साधारण अर्धा जीबी. एवढे ओझे दहा वर्षांपूर्वीचा संगणकही सहज उचलतो. पंचवीस-तीस वाद्यांचे पदर एकावर एक चढवणाऱ्या स्टुडिओला तो डबा लागेल. तिथे प्रश्न उशिराचाही असतो: १,०२४ नमुन्यांचा बफर ठेवला तर २१ मिलिसेकंदांचा विलंब होतो, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज सात मीटरांवरून आल्यासारखा ऐकू येतो. आत्या हेडफोन लावणार नव्हती. तिला हवा होता मुका संगणक.

म्हणून पंखाच नसलेला लॅपटॉप घेतला. साठवणही फिरत्या तबकडीची नव्हे, एसएसडीची. दिवसभर टिकणारी बॅटरी पाहिली, की भिंतीतल्या विजेशी संबंधच नको. उरलेल्या पैशांत बाहेरून जोडायचा ऑडिओ इंटरफेस घेतला, आणि तो निवडताना एकच अट धरली: त्याला दोन मायक्रोफोन जोडता आले पाहिजेत. एक गळ्यासाठी, एक दगडासाठी. प्रतींसाठी दोन वेगळ्या डिस्क घेतल्या, त्या मात्र उशिरा सुचलेल्या शहाणपणाच्या; कारण गोंगाट काढलेले ते पहिले मुद्रण मी मूळ फाइलवरच, त्याच नावाने जतन केले होते. चाळीस ओव्यांखालचे जाते मी स्वतःच्या हाताने पुसले होते.

डिसेंबरात पुन्हा गेलो. गळीत हंगाम, रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जात होते, म्हणून पहाटे साडेचारला बसलो. मधल्या काळात आत्याचा खांदा धरला होता. खुंटा वहिनीने हाती घेतला, आत्या शेजारी पाट घेऊन बसली. पण दुसऱ्याच्या हातच्या फेऱ्यावर तिला ओवी सापडेना. “हिचा हात लई पळतोय,” असे दोनदा म्हणाली. अकरा ओव्या झाल्या. बाराव्या ओवीच्या मध्यावर शब्द हरवला, ती गप्प राहिली, आणि वहिनी काही न बोलता दळत राहिली. ती चार मिनिटे मी कापलेली नाहीत. त्यांत नुसते जाते आहे.