परवाना आणि विश्वास

राज्य आपलें झालें म्हणजे राज्यकर्त्यांविषयींचा संशय मनांतून काढून टाकावा, अशी एक समजूत सुशिक्षित घरांतून रुजलेली दिसते. परकीयांच्या अमलांत जो कायदा जाचक वाटे, तोच स्वकीयांच्या हातीं आला कीं हितकर होतो, असें मानण्याकडे आपला कल असतो. आमच्या मतें ही समजूत अर्धीच खरी आहे. कायदा कोणाच्या हातीं आहे याला महत्त्व आहेच. परंतु ज्याच्यावर तो चालावयाचा त्या माणसाकडे तो कोणत्या दृष्टीनें पाहतो, याचें महत्त्व त्याहून कमी नाहीं. हा मुद्दा विशद करण्यासाठीं आम्हीं असा एक विषय निवडला आहे कीं, ज्याची चर्चा पांढरपेशा घरांत सहसा होत नाहीं. तो विषय म्हणजे बंदुकीचा परवाना.

सन १८७८ मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत हिंदुस्थानचा हत्यारांचा कायदा झाला. देशी भाषांतील वृत्तपत्रांचें तोंड बांधणारा कायदाही त्याच सालचा. लेखणी आणि तलवार या दोहोंवर एकाच वर्षीं पहारा बसला, यावरून त्या सरकारच्या मनाची स्थिति चांगली उमगते. वृत्तपत्रांचा कायदा लॉर्ड रिपन यांच्या वेळीं लवकरच रद्द झाला. हत्यारांचा मात्र पुढें ऐंशीहून अधिक वर्षें टिकला. त्या कायद्याखालीं तलवार कमरेला लावून हिंडावयासही परवाना लागे. आणि युरोपियनांना मात्र नियमांनीं त्यांतून मोकळीक दिली होती. म्हणजे माणूस शहाणा कीं माथेफिरू, सज्जन कीं दरोडेखोर, हा प्रश्न मागाहूनचा; तो कोणत्या वंशाचा, हा प्रश्न पहिला. शस्त्र हातीं नसल्याचें दुःख लोकांना झालें असेल, त्याहून या अविश्वासाचें शल्य अधिक होतें. मद्रास येथें १८८७ सालीं भरलेल्या राष्ट्रीय सभेनें या कायद्याविषयीं ठराव केला, त्यामागें हेंच शल्य होतें असें आम्हांस वाटतें.

पुढें मार्च १९३१ मध्यें कराची येथें, वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखालीं, मूलभूत हक्कांचा जो प्रसिद्ध ठराव झाला, त्यांत नियम व मर्यादा यांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही गणला होता. तशाच आशयाची दुरुस्ती हरि विष्णु कामत यांनीं डिसेंबर १९४८ मध्यें घटना समितींत मांडली. डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ब्रिटिशांनीं आपणांस शस्त्रें नाकारलीं तीं शांतता राखण्यासाठीं नव्हेत, तर जित लोकांनीं परक्या सत्तेवर शस्त्र उचलूं नये म्हणून. ती परिस्थिति आतां पालटली आहे. शिवाय, प्रत्येकानें बाजारांत जाऊन वाटेल तीं मारक साधनें बिनहरकत विकत घ्यावयाचीं ठरविलें, तर राज्याचा कारभार चालणेंच अशक्य होईल. समितीनें कामतांची दुरुस्ती फेटाळली. घटनेच्या एकोणिसाव्या कलमानें सभा भरविण्याचें स्वातंत्र्य दिलें, तेंही शांततेनें आणि शस्त्रांवांचून जमण्याचें.

हा निर्णय योग्यच झाला असें आमचें स्पष्ट मत आहे. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें, सुना, नातवंडें आज अमेरिकेंत आहेत, त्यांना याची दुसरी बाजू ठाऊक असेल. त्या देशांत १७९१ सालच्या दुसऱ्या घटनादुरुस्तीनें शस्त्र बाळगण्याच्या हक्काला संरक्षण दिलें, आणि तो हक्क व्यक्तीचा आहे असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं सांगितलें. सरकार केव्हां जुलमी होईल याचा नेम नाहीं, तेव्हां नागरिकाच्या घरीं बंदूक असलेली बरी, हा तेथील अनेकांचा जिव्हाळ्याचा युक्तिवाद आहे. त्याची थट्टा करूं नये. राजसत्तेशीं लढून जें राष्ट्र जन्मास आलें, त्याच्या तोंडीं तो शोभतो. परंतु २०२१ सालीं त्या देशांत बंदुकीनें ४८,८३० माणसें मेलीं आणि त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या, हेंही विसरतां येत नाहीं. जुलमी सरकारासाठीं जपून ठेवलेलें शस्त्र अशा रीतीनें घरच्याच माणसाच्या जिवावर उठतें. आपल्या एकत्र कुटुंबांतून वयांत येणारीं मुलें असतात, तापट माणसें असतात, मनानें खचलेलींही असतात. तेथें कुलपाशिवाय बंदूक ठेवणें म्हणजे विस्तव पदरांत बांधण्यासारखें आहे. म्हणून परवाना हवा, चौकशी हवी, आणि नालायक माणसाला नकारही हवा.

मग तक्रार कशाबद्दल? तक्रार आहे ती परवान्यामागच्या विश्वासाबद्दल. १९५९ सालीं स्वतंत्र भारतानें शस्त्रांचा नवा कायदा केला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. जुन्या कायद्याचा हेतु साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करण्याचा होता, हें नवा कायदा करतांना सरकारनेंच नमूद केलें होतें. नव्या कायद्याचीं कलमें वाचलीं तर त्यांत नागरिकाचा मान राखलेला दिसतो. पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून कोणास परवाना नाकारतां येत नाहीं. नकार द्यावयाचा तर त्याचीं कारणें अधिकाऱ्यानें लेखी नमूद करावयाचीं असतात, आणि त्या नकारावर अपीलही आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठीं ठासणीची बंदूक मागितली, आणि कायद्यांत सांगितलेली अपात्रता आड येत नसली, तर परवाना द्यावा असेंच कायदा सांगतो. गरीब कुणब्यालाही तो आपल्या शेताचा राखणदार समजतो. कागदावर याहून अधिक काय मागावें?

परंतु कागद आणि व्यवहार यांत अंतर पडतें. आमचें घर दक्षिण कोंकणांतलें. रानालगत भाताची शेती, आणि घरांत पणजोबांच्या वेळेपासूनची एक ठासणीची बंदूक. परवाना आमच्या थोरल्या काकांच्या नांवें. तिनें आजवर माणसावर नेम धरलेला नाहीं. रानडुकराला मारावयाचें तर वन्यजीवांच्या १९७२ सालच्या कायद्याप्रमाणें वेगळी परवानगी लागते. तेव्हां तिचें खरें काम रात्रीं माळ्यावरून एकदोन बार हवेंत काढून कळप पिटाळण्याचें. आतां योगायोग असा कीं, २००४, २००९, २०१४ आणि २०१९ या चारही सालीं आपल्या विधानसभेचें मतदान ऑक्टोबरांत झालें, म्हणजे हळवें भात पिकावयाच्या दिवसांत. निवडणूक जाहीर झाली कीं, परवान्याचीं हत्यारें ठाण्यांत जमा करा, असा निरोप गांवोगांव येतो.

२०१९ सालीं निवडणूक जाहीर झाली २१ सप्टेंबरला आणि मतदान झालें २१ ऑक्टोबरला. बहात्तर वर्षांचे आमचे काका बंदूक फडक्यांत गुंडाळून एस्. टी. नें तालुक्याच्या गांवीं गेले. "साहेब, माझ्या नांवावर कधीं साधी फिर्याद तरी आहे का? असेल तर सांगा," एवढेंच त्यांनीं विचारलें. "तुमच्याविषयीं कांहीं नाहीं हो काका, पण सगळ्यांच्याच जमा करावयाच्या आहेत," असें उत्तर मिळालें. उत्तर देणारा माणूस सौजन्याचा होता. त्यानें काकांना बसावयास खुर्ची दिली आणि पावतीही दिली. त्या वर्षीं खंडेनवमीला पाटावर बंदुकीच्या जागीं काकूंनीं कोयता मांडून त्यालाच हळदकुंकू वाहिलें. पुढल्या आठवड्यांत डुकरांनीं दोन कुणगे एका रात्रींत लोळवले. पत्र्याचे डबे बडवून गडी थकले. रानांतल्या बिनपरवान्याच्या गांवठी बंदुका मात्र होत्या तेथेंच राहिल्या; त्या कोणाच्या यादींतच नव्हत्या.

दोन कुणग्यांचें भात गेल्यानें घर बुडत नाहीं. काकांना लागलें तें निराळेंच. "माझ्याविषयीं कांहीं नाहीं, तरी माझी बंदूक जमा, मग परवाना देतांना माझी एवढी चौकशी केली ती कशासाठीं?" असें ते घरीं येऊन म्हणाले. या प्रश्नाला आम्हांस तरी उत्तर सुचलें नाहीं.

अधिकाऱ्यांचीही बाजू आहे. निवडणुकींत दंगेधोपे होतात, ठाण्यांत माणसें थोडीं, गांवें पुष्कळ. प्रत्येक परवानेदाराची निराळी चौकशी करण्यापेक्षां सर्वांचीं हत्यारें आणून एका खोलींत ठेवणें सोयीचें असतें. पण कायद्याला ही सोय मान्य नाहीं. गोव्याकडील एका प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयानें २००९ सालींच सांगितलें होतें कीं, हत्यारें सरसकट जमा करूं नयेत. छाननी समितीनें प्रत्येक परवानेदाराचा स्वतंत्र विचार करावा. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेले, पूर्वीं दंग्यांत सांपडलेले, अशांवर विशेष लक्ष ठेवावें, असा निवडणूक आयोगाच्या सूचनांचाही रोख आहे. म्हणजे जेथें माणूस पाहावयाचा तेथें यादी पाहिली गेली, तर दोष कायद्याचा नाहीं. तो आळसाचा आहे, आणि त्या आळसाला आपल्या मौनाची साथ आहे.

विश्वास टाकल्यानें अनर्थ होतो असेंही नाहीं. कर्नाटकांतील कोडगू प्रांतांत कोडव लोकांना बंदुकीच्या परवान्यांतून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे. केंद्र सरकारनें २०१९ सालीं ती आणखी दहा वर्षांकरितां वाढविली. त्यांच्याकडेही शस्त्रपूजेचा सण असतो. जातीवर किंवा वंशावर बेतलेली सवलत आम्हांस तत्त्वतः पटत नाहीं. तरीही घरोघरीं बंदूक असून ती जबाबदारीनें सांभाळणारा समाज याच देशांत नांदतो आहे, हें त्यावरून दिसतें.

आमचें सांगणें बंदुकीपुरतेंच नाहीं. आपल्या घरांतून फार थोड्यांना बंदूक हवी असते. पण 'सरसकट' हा शब्द आज परवान्याला लागला, तो उद्यां सभेला, छापखान्याला, प्रवासालाही लागूं शकतो. १८७८ सालीं दोन कायदे जोडीनें आले हें लक्षांत ठेवावें. सरकारचा द्वेष करणें हा कांहीं त्यावरचा उपाय नाहीं. उपाय साधा आहे, आणि तो आपल्यासारख्या लिहितां-वाचतां येणाऱ्या घरांनींच आधीं करावयास हवा. हुकूम आला तर तो लेखी मागावा. कारण विचारावें, नम्रपणें, पण विचारावें. समितीकडे मुदतींत अर्ज करावा, पावती जपावी, नकार आल्यास अपील करावें. शेजारच्या कुणब्याला अर्ज लिहितां येत नसेल तर तो आपण लिहून द्यावा. आमच्या काकांनीं पुढें तसा अर्ज केला, आणि त्याच्या नकला वाडींतल्या आणखी तीन परवानेदारांना करून दिल्या. निकाल काय लागेल तो लागो. निदान चार माणसांचीं चार निराळीं नांवें त्या टेबलावर पोंचलीं.