खंडोबाचा रुपया

माझी साक्ष सात मिनिटांची आहे. तीस वर्षं पाळकी केल्यावर ती घोटून गुळगुळीत झाली: गाव, भीती, नगरचं वसतिगृह, प्रभूची हाक, बाप्तिस्मा. परवा तरुण संघातली एक मुलगी म्हणाली, "पाळकसाहेब, तुमचे घरचे काय म्हणाले?" मी विषय बदलला.

भीतीचं मूळ म्हणजे एक रुपया. आईनं खंडोबाच्या नवसाचा म्हणून हळदीच्या फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवलेला. मी नऊ वर्षांचा. जत्रेत त्याची गोडीशेव खाल्ली आणि फडक्यात सोड्याच्या बाटलीचं बूच बांधून ठेवलं. आठवड्याभरात धाकटी बहीण हगवणीनं गेली. कुणाला बोललो नाही. रात्री उठून फडकं चाचपायचो. आत पुन्हा रुपया लागला तर ती परत येईल, असं वाटायचं. बूचच लागायचं. मुलांना देवाचा धाक घालणाऱ्यांनी हे ऐकावं. त्यात रविवारच्या शाळेत नरकाची वर्णनं करणारे आमचे लोकही आले.

सतराव्या वर्षी उपासनेत ऐकलं, की पापाची खंडणी कधीच भरून झाली आहे. त्या रात्री मी न उठता झोपलो. त्यात खोटं काही नव्हतं.

बाप्तिस्म्यानंतर गावी गेलो. आजोबा माळकरी, ओट्यावर टाळांत नवी दोरी ओवत होते. त्यांना सगळं सांगून टाकलं. "बुचाचं ठाऊक होतं," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी बघितलं. पोर गेली ती गावात डॉक्टर नव्हता म्हणून. देव काय सावकार आहे?" बऱ्याच वेळानं म्हणाले, "मला विचारायचंस."

ठाऊक होतं, तर आठ वर्षं गप्प का बसलात? हे मी तेव्हा ओरडून विचारलं. उत्तर आलं नाही. तो राग अजून गेलेला नाही. आणि प्रवचनात 'खंडणी' म्हणताना तो सावकारही आठवतोच.

कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० साली. वसतिगृहात लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना मी टिळकांच्या बाजूचा होतो. हल्ली मधल्या पाच वर्षांपाशीच अडकतो.

आजोबा गेल्यावर त्यांचे टाळ मी घेऊन आलो. टिळकांचे अभंग म्हणताना मंडळीत तेच वाजतात. कुठून आले, ते अजून कुणी विचारलेलं नाही.